खालच्या मजल्याचा सूर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, घरात थोरली, गाण्याच्या धंद्यात ‘कर्कशा’, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा चहा झाल्यावर हे लिहून ठेवत आहे. ‘कर्कशा’ हे नाव एका वर्तमानपत्रवाल्याने मला झोडपण्यासाठी दिलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्याच दिवशी गिटारच्या पेटीवर रंगवून घेतलं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाने तो सावकाश वाचावा, कारण त्याला या बाबतीत पहिल्यापासून शंका आहे.

मृत्युपत्र आत्ताच का, तर येत्या गुरुवारी माझ्या घशाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. “जीव वाचवायचा प्रयत्न करू. आवाज वाचणार नाही,” असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. म्हणजे मी राहीन की नाही हे गुरुवारी कळेल, पण गाणारी बाई गुरुवारी जाणार हे ठरलेलं आहे. तेव्हा हे मृत्युपत्र निदान तिचं तरी समजावं.

मजकूर मी सांगते आहे आणि माझी भाची टाइप करते आहे. ती वकील आहे. “आत्या, मृत्युपत्रात टोमणे लिहीत नाहीत,” असं तिने आत्ताच सांगितलं. मग लोक ते वाचतात तरी कशाला, असं मी विचारलं. ती टाइप करत राहिली.

कलम १. घर. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या वरची मोठी खोली, तिला लागून असलेलं स्वयंपाकघर व न्हाणीघर, खाली उतरणारा लोखंडी जिना आणि खालचा सगळा मजला, हे माझ्या धाकट्या भावाला मिळावं. वडिलांनी मला ठेवलेली चांगली हवेशीर सदनिका विकून मी हे घेतलं, हे त्याने मला अजून माफ केलेलं नाही. “ताई, लोक घराबाहेर बाग बघतात. तू कॉम्प्रेसर बघितलास,” असं तो घर घेतलं त्या दिवशी म्हणाला होता आणि नंतरही दर भेटीत म्हणत आला आहे. घर देताना माझी एकच अट आहे. वरच्या खोलीची लाकडी जमीन उखडू नये आणि तिच्यावर फरशी घालू नये. का, ते पुढे येईल.

खालचं यंत्र मात्र या कलमात धरू नये. त्याचं मी वेगळं पाहिलं आहे.

कलम २. वाद्यं. माझ्या दोन्ही गिटारी, अँप्लिफायर, माईक आणि वायरींचा तो गुंता, जो सोडवायचा प्रयत्न करणाऱ्याने आधी जेवून घ्यावं, हे सगळं आमच्या बेसवालीला मिळावं. ती दिवसा लहान मुलांना पोहायला शिकवते आणि संध्याकाळी माझ्यासोबत बेस गिटार वाजवते. नवा अल्बम तिने याच खोलीत, भिंतींना रजया टांगून रेकॉर्ड केला आहे. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिला, अल्बम बाहेर काढण्यासाठी. चरचरणारं पेडल तिने दुरुस्त करू नये. तो बिघाड मिळवायला मला निम्मं आयुष्य लागलं.

कलम ३. बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा. हा माझ्या आईचा. तो भाचीला मिळावा, कारण आमच्या घरात आईसारखं तोंड तिचंच आहे. (हे वाक्य तिने टाइप करायला नकार दिला होता. मी खुर्चीतून उठायला लागले तेव्हा केलं.)

आई याच कारखान्यात कामाला होती. साच्यांतून लाद्या सोडवायच्या आणि आकड्याने ओढत दारापर्यंत न्यायच्या, हे तिचं काम. शाळेला सुट्टी असली की ती मला सोबत आणी आणि दाराशी एका उलट्या खोक्यावर बसवी. पहिल्याच दिवशी मी चपला काढून जमिनीला पाय टेकवले आणि घाबरून वर घेतले. जमीन गात होती. मला तेव्हा दुसरा शब्द सुचला नाही आणि आजही सुचत नाही. मी हळूच पुन्हा पाय टेकवले. तो सूर तळपायातून चढला, गुडघ्यांशी रेंगाळला, पोटात शिरला आणि शेवटी माझे दात एकमेकांवर बारीक वाजू लागले. “आई, हे कोण गातंय?” मी ओरडून विचारलं. यंत्राशेजारी वर्षं काढून आईला कमी ऐकू यायला लागलं होतं. तिने माझ्या ओठांवरून प्रश्न ओळखला, हसली, माझा हात धरून भिंतीवर सपाट ठेवला आणि म्हणाली, “असं ऐक. कानाने अर्धंच कळतं.”

मला पुढे आयुष्यभर लोक विचारत आले की तुमचे गुरू कोण, तुमची प्रेरणा काय. मी कोणाची तरी नावं सांगून वेळ मारून नेत असे. खरं उत्तर ती भिंत आहे. इतका मोठा आवाज, इतक्या जवळ, आणि तो कोणासाठीही गात नव्हता, याने मी जी थक्क झाले ती अजून सावरलेली नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका सभागृहात मी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार ऐकली. म्हणजे ऐकली नाहीच. कार्यक्रम सुरू व्हायचा होता, वाजवणारा चहा प्यायला गेला होता आणि त्याचा अँप्लिफायर चालूच राहिला होता. रिकाम्या रंगमंचावर तो नुसता घुमत होता. बाकीचे लोक खुर्च्या सरकवत होते, कोणी कोणाला हाका मारत होतं, आणि मी पहिल्या रांगेत उभ्या उभ्या रडत होते, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. नंतर त्या माणसाने येऊन छान वाजवलं असावं. मला काही आठवत नाही.

कलम ४. गाणी. माझ्या गाण्यांवर कोणत्याही कंपनीचा हक्क नाही व पुढेही नसावा. एका कंपनीचा गृहस्थ एकदा आला होता, अत्तर लावून. सगळं ऐकून म्हणाला, “ताई, सगळं उत्तम आहे. फक्त सूर थोडा वर घ्या, म्हणजे बरोबर होईल.” आमची सगळी गाणी जगातल्या बाकी गिटारींपेक्षा किंचित खाली लागलेली असतात, हे खरं आहे. मी त्याला जिना दाखवला. ज्याला कोणाला माझी गाणी गायची असतील त्याने खुशाल गावीत, परवानगी मागत बसू नये. वर मात्र घेऊ नयेत.

कलम ५. यंत्र. खालच्या मजल्यावरचा कॉम्प्रेसर, त्याचं मोठं चाक, मोटर आणि पट्टा यांसह, आमच्या जुन्या ड्रमरला, ज्याला आम्ही ‘ठोक्या’ म्हणत असू, त्याला मिळावा. त्याने तो स्वखर्चाने उचलून न्यावा. ही भेट आहे की सूड, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ठोक्याची हकिगत सांगणं भाग आहे. आम्ही तरुण होतो तेव्हा सरावाला जागा मिळत नव्हती. बर्फखान्याच्या मालकाची ही वरची खोली रिकामी होती, कारण ती इतकी थरथरायची की कोणी भाड्याने घेईना. आईने शब्द टाकला आणि आम्हाला मिळाली. बँडचं नाव आम्ही ‘खालचा मजला’ ठेवलं. खाली यंत्र धडधडत असे, वर आम्ही. आई अधूनमधून वर येऊन तक्रार करी, “तुमचा सराव असला की बर्फ उशिरा धरतो. मालक मला बोलतो.” आम्ही हसायचो. आमचं गाणं ऐकून पाण्याचंही लक्ष उडतं, असं आम्ही तिला सांगत असू.

मग पहिला अल्बम करायला आम्ही एक चांगला स्टुडिओ घेतला. जाड काच, गालिचे, बाहेरचा आवाज बिलकूल नाही. तिथल्या माणसाने ट्यूनर लावून आमच्या गिटारी अगदी बरोबर सुरात आणल्या. आणि सगळी गाणी मेली. एकूण एक. ठोक्या मला म्हणाला, “तू बेसुरी गातेयस.” मी त्याला म्हणाले, “तुझा हात मेलाय.” त्याने काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि गेला. पुन्हा आला नाही. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करू लागला, असं कानावर आलं. अल्बम आम्ही दुसऱ्या माणसाला घेऊन पुरा केला. घरी आणून आईला लावून दाखवला. ती तोवर जवळजवळ बहिरी झाली होती. तिने स्पीकरवर तळहात ठेवला, सगळी गाणी संपेपर्यंत तसाच ठेवला आणि म्हणाली, “गाणी बरी आहेत गं. पण खोली कुठे गेली?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत आम्ही ट्यूनरने गिटारी लावत नव्हतो. आम्ही नकळत जमिनीशी सूर लावत होतो. ठोक्या यंत्राच्या चाकाशी ठेका धरत होता. चौघांचा बँड समजत होतो आणि आम्ही पाच होतो. चूक त्याची होती, निम्मी माझी होती आणि सगळी त्या ट्यूनरची होती. पण माणूस निघून गेला तो गेलाच, आणि मीही बोलवायला गेले नाही. माझं नाक मोठं आहे.

कलम ६. शेवटचं गाणं. नव्या अल्बममधलं एक गाणं सोडून सगळं तयार आहे. ते गाणं आयुष्यभर माझ्या मनात आहे. त्यात यंत्र गाणार आणि मी फक्त साथ करणार. ऐकणाऱ्याच्या तळपायातून शिरेल असं एक तरी गाणं करून जायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. कारखाना बंद झाला आणि इमारत पाडायची भाषा सुरू झाली तेव्हा मी ती विकत घेतली ती यासाठीच. भाऊ मला वेडी समजतो, पण मी हिशोबाने वेडी आहे.

गंमत अशी की यंत्र चालतं. त्यातला वायू केव्हाच काढून नेला आहे, त्यामुळे आता त्याने बर्फ होत नाही, पण ते फिरतं. घर घेतल्यावर मी एक मेकॅनिक आणला. त्याने तेल घातलं, नवा पट्टा ताणून बसवला आणि बटण दाबलं. मी वर येऊन अनवाणी उभी राहिले. तो सूर नव्हता. वरचा, बारीक, घाईतला काहीतरी आवाज होता, अनोळखी. दुसरा मेकॅनिक आणला, तिसरा आणला. प्रत्येकाने सांगितलं की यंत्र उत्तम चालतंय, आणि प्रत्येकाचं बरोबर होतं. मला वाटू लागलं की लहानपणी ऐकलेलं ते काही खरं नव्हतंच. ही शंका मला घशाच्या दुखण्यापेक्षा जास्त लागली आहे.

तर ते गाणं आता व्हायचं नाही. म्हणून असं बजावून ठेवते की ते कोणीही पुरं करू नये. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमधून आवाज कापून त्यावर चिकटवू नये. संगणकातून कसला तरी घुमारा काढून खाली घालू नये. बेसवाली, हे तुला सांगते आहे. अल्बमच्या शेवटी ती जागा मोकळी राहू दे.

कलम ७. समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. यांनी माझ्या सरावाविरुद्ध इतक्या तक्रारी केल्या की पोलिसांना आमच्या जिन्याच्या पायऱ्या पाठ झाल्या. या बाईंना काहीही मिळणार नाही, कारण त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत. नसत्या तरी मिळालं नसतं. पण इतकी वर्षं न चुकता मला ऐकणारं या गल्लीत दुसरं कोणी नाही, हेही नमूद करते.

पुरवणी, हाताने लिहिलेली.

आज बुधवार, दुपार. वरचा मजकूर टाइप होऊन सहीला तयार होता. दुसरा साक्षीदार मी भाचीवर सोपवला होता. तिने परस्पर ठोक्याला फोन केला होता. तो जिन्याच्या तोंडाशी हत्यारांची पिशवी घेऊन उभा राहिला तेव्हा मला कळलं. डोक्याचे केस गेले आहेत. उभं राहायची तऱ्हा तीच आहे.

“ये,” मी म्हणाले. आवाज आधीच खरखरीत, त्यात तो दिसल्यामुळे आणखी बसला.

“साक्षीदार पाहिजे म्हणे,” तो म्हणाला.

भाचीने त्याला समोर बसवून कायदा समजावला. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा कलम पाच तरी राहील, नाहीतर त्याची सही तरी. त्याने कलम पाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. ‘सूड’ या शब्दाशी थोडा हसला.

“यंत्र ठेवू कुठे? मी चौथ्या मजल्यावर राहतो आणि आमच्याकडे लिफ्ट नाही,” तो म्हणाला. “ते काढून टाका. मी सहीच करतो.” मग त्याने कलम सहा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. “पट्टा कोणी ताणला?”

“मेकॅनिकने. सैल होता.”

“सैल होता म्हणजे? सैल तर मीच करायचो.”

मला कळेना. तो हाताच्या नखांकडे बघत सांगू लागला. आम्ही खोली घेतली त्याच्या थोडं आधी मालकाने जुना सैल पट्टा बदलून नवा ताणून बसवला होता, त्यामुळे यंत्र पूर्वीपेक्षा फार जलद चाले, त्याचा उजवा हात पुरत नसे, आणि आमच्यासमोर हे कबूल करायची लाज वाटे. म्हणून प्रत्येक सरावाआधी तो गुपचूप खाली जाऊन पान्याने मोटर जराशी चाकाकडे सरकवी, म्हणजे पट्टा ढिला पडे आणि चाक आपोआप मंदावे. सराव संपला की पुन्हा ताणून ठेवी. “तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिने आकडाच घातला असता मला. बर्फ उशिरा धरतो म्हणून ती बोलणी खायची.” स्टुडिओत सरकवायला काही नव्हतं. “तिथे माझ्याकडून होईना. आणि का होत नाही, ते सांगता येईना. मग तुझ्यावर ओरडलो.”

आम्ही सगळे ज्या सुराला इमारतीचा समजून आयुष्यभर मान तुकवत आलो, ज्याच्यासाठी मी घर विकलं, तो या माणसाच्या आळशी उजव्या हाताने लावलेला होता. मला राग यायला हवा होता. मला तसं काही झालं नाही. लहानपणी भिंतीवर हात ठेवला होता तेव्हा जे झालं, तेच झालं. आई लाद्या ओढत होती, बर्फ उशिरा धरत होता, आणि त्यातून माझी सगळी गाणी निघाली.

ठोक्या पिशवी उचलून खाली गेला. बेसवालीने माईक लावले. भाऊ मला दवाखान्यात न्यायला आला होता, तो घड्याळ बघत दारात उभा राहिला. खालून पाना घासल्याचा आवाज आला, यंत्र सुरू झालं, तेच बारीक, घाईतलं. मग ठोक्याचा आवाज, “आता वायू नाही, म्हणून ओझं नाही याच्यावर. पट्टा आणखी सोडावा लागेल.” सूर हळूहळू उतरू लागला. उतरत उतरत आला आणि एका जागी थांबला.

मी चपला काढल्या.

जे शंभर टक्के माझ्या मनाचा खेळ आहे असं मी मानू लागले होते, ते पायाखाली होतं. तळपाय, गुडघे, पोट, दात. सगळं त्याच क्रमाने. मी गायले. एकदाच गायले, कारण दुसऱ्यांदा गाण्याइतका घसा उरला नव्हता. शेवटच्या ओळीवर आवाज फाटला आणि यंत्र पुढे गात राहिलं. बेसवालीला सांगितलं आहे की ते तसंच ठेवायचं. डोळे उघडले तेव्हा भाऊ भिंतीला तळहात लावून उभा होता, अगदी आईसारखा, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

सबब, कलम ५ रद्द. यंत्र माझ्या भावाला मिळावं. त्याने ते विकू नये, आणि आठवड्यातून एकदा तरी सुरू करावं. पट्टा सैल ठेवावा.

कलम ६ रद्द. गाणं झालं आहे.

कलम ७ मध्ये एवढी भर, की मालकीणबाई सहीसाठी वर आल्या तेव्हा यंत्र चालू होतं आणि त्यांनी ते बंद करायला सांगितलं नाही.

उद्यापासून माझ्याकडे आवाज नसेल. तो कुठे ठेवला आहे ते मला माहीत आहे, तेव्हा कोणी माझ्यासाठी हळहळू नये.

ठिकाण : यंत्राच्या वरची खोली.
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आदला दिवस.

सही : कर्कशा, घरातली थोरली

आम्ही खाली सह्या करणारे साक्षीदार असं लिहून देतो की वरील बाईंनी आमच्यासमोर, समजून उमजून आणि खुशीने सही केली.

साक्षीदार पहिली : समोरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण. (सही)

साक्षीदार दुसरा : लिफ्ट दुरुस्त करणारा, पूर्वीचा ड्रमर. (सही) पुढे कोणी शंका काढू नये म्हणून माझ्यातर्फे एवढं जोडतो : बाईंची सही वाकडीतिकडी दिसते, आमच्याही दिसतात. त्यांचा हात स्थिर होता. टेबल थरथरत होतं.